पहिल्या पुस्तकाचा पहिला फर्मा

पुस्तक लिहायचं मनात आहे पण हात चालत नाही, अशा कोणीही आमच्या तालुक्याच्या बस स्टँडमागच्या गल्लीतल्या डीटीपी सेंटरात (कॉम्प्युटरवर टाइप करून छपाईची पानं लावून देतात तिथं) एकदा जाऊन यावं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं हा त्यांचा रोजचा धंदा. पण माझं पुस्तक सुरू झालं ते तिथं.

मला लिहायचंय ते कापसाचं वर्ष. मे महिन्यातल्या वखरणीपासून सीतादहीपर्यंत, म्हणजे वेचणीआधीच्या पूजेपर्यंत, आणि तिथून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापूस संपेपर्यंत, बाया वावरात काय करतात, काय बोलतात, मजुरी कशी ठरते, ते सगळं. हिशोबाच्या वह्यांत मी वर्षानुवर्षं दोन-दोन ओळी टिपून ठेवल्या आहेत. त्या वह्यांची पिशवी घेऊनच गेले. मालकांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "ताई, पुऱ्या पुस्तकाचं टेन्शन नोका घेऊ. सोळा पानाचं लेहून आणा, मंग पाहू."

सोळाच का, तेही त्यांनी कागद घडी घालून दाखवलं. छपाईत सोळा पानांचा एक फर्मा धरतात. 128 पानांचं पुस्तक म्हणजे आठ फर्मे. डेमी आकाराच्या पानात साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणजे एका फर्म्याला चार हजार शब्द. हा हिशोब ऐकल्यावर माझी छाती दडपायची थांबली. चार हजार शब्द मी लिहू शकते. मी सीतादहीचं प्रकरण घेतलं, कारण ते मला तोंडपाठ आहे: वेचणीच्या आधीची वावरातली पूजा, दहीभाताचा नैवेद्य, आणि वेचलेल्या कापसाची पहिली ओटी कोण भरणार यावरून बायांची चाललेली गंमत.

पानाचे तीस रुपये घेतले, दोन प्रूफं, म्हणजे चुका तपासायला दिलेली छापील पानं, त्यातच. टाइप करणारी मुलगी समजूतदार आहे. वाचता न आलेल्या शब्दाखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली, मनानं काही घातलं नाही. "धुरा", "कुटार", "पऱ्हाटी" हे आमच्या बोलीतले शब्द जसेच्या तसे आले. प्रूफ पुस्तकाच्याच आकारात, बाजूला भरपूर कोरी जागा सोडून देतात. वहीत जे दिसलं नव्हतं ते त्या पानावर लगेच दिसलं. पहिली तीन पानं कापसाचं महत्त्व सांगण्यात गेली होती, आणि चौथ्या पानावर काकू मुकादमाला म्हणते, "तुह्या काट्यात दगड हाये का रे?" पुस्तक तिथून सुरू होतं. ती तीन पानं मी काढली.

फाइल युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांतच मागा. जुन्या फॉन्टातली फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

उणीव एकच, पण मोठी. लग्नसराईत आपलं काम मागे पडतं. माझं दुसरं प्रूफ एप्रिलमध्ये अडकलं, फोनही कोणी उचलेना. पुस्तकाच्या कामाला त्यांनी आठवड्यातला एक दिवस तरी राखून ठेवावा.

याच्या आधी फोनवरून एकांनी मला "पूर्ण पॅकेज" सांगितलं होतं. हजारो रुपये आगाऊ, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबराचे, वेगळे पैसे. हा नंबर आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी मोफत देते, आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. आमच्या मालकांनी ते आपणहून सांगितलं, वर म्हणाले की तो शेवटचा विषय आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्यासाठी पूर्ण हस्तलिखित लागतं, म्हणून आधी लिहिणं आलं.

माझे तीन फर्मे झालेत. चौथा 1972 नंतरच्या एकाधिकार खरेदीचा, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकावा लागायचा त्या काळाचा, केंद्रावर बैलगाड्या लावून रात्र काढणाऱ्यांचा. त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्यांकडे बसते आहे.

जाणार असाल तर दिवाळीआधी जा, दुपारी दोननंतर. लिखाण कागदाच्या एकाच बाजूला, ओळ सोडून असू द्या.