सोलापूरच्या रानात बसून रंगवायचं: तैलरंग घ्यावेत की जलरंग?

नवशिक्याला बहुतेक जण जलरंग सुचवतात. डबी पिशवीत मावते, पाणी कुठल्याही वस्तीवर मिळतं, खर्च बेताचा. सल्ला चुकीचा नाही, पण तो बहुधा दमट हवेतून आलेला असतो. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची कोटितीर्थाकाठची जलरंगचित्रं बघा. तिथं हवेतच ओल आहे. सोलापुरात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि फेब्रुवारी लागला की वारं असं कोरडं की आकाशाच्या रंगाचा हात खाली येईस्तोवर वरची कड वाळून रेघ उमटलेली असते. ओल्यात ओला रंग सोडायची हौस तेव्हा घरीच ठेवावी.

अडचण अशी की रंगवण्याजोगं खरं काम तेव्हाच सुरू होतं. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. माणसं ओळीनं वाकून ताटं उपटतात, मागं पेंढ्या पडत जातात, बाया बसून कणसं मोडतात. जमीन गडद, तिच्यावरचा कडबा उजळ. तैलरंगात आधी सबंध गडद पट्टा भरून घ्यायचा आणि त्यावर जाड पिवळसर रंगानं पेंढ्या ठेवायच्या; बाई उठून दुसरीकडे बसली तरी तिचा ठिपका पुसून हलवता येतो. जलरंगात तो उजेड आधीच कागद कोरा सोडून राखून ठेवावा लागतो. तो राखेपर्यंत ओळ दहा पावलं पुढं गेलेली असते.

खिल्लार बैलाचं तसंच. पांढऱ्या अंगावरची निळसर सावली तैलरंगात दोन-तीनदा दुरुस्त करता येते, जलरंगात एकदाच.

पण काळ्या रानाच्या बाबतीत मात्र मी जलरंगाच्या बाजूनं आहे. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र पातळ केले की रंगाचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि नांगरटीचा ढेकूळ आपसूक दिसतो. तैलरंगात हाच काळा फार लवकर डांबरासारखा होतो. म्हणून हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, हवेत गारवा असताना जलरंग घेऊन बसण्यात मजा आहे.

तैलरंगाची खरी डोकेदुखी चित्र काढताना नसून ते घरी नेताना असते. पातळ थरही हाताला लागायचा थांबायला दोन-तीन दिवस घेतो. मळणीयंत्राच्या वाऱ्याच्या दिशेला बसलात तर भुसकट कायमचं चित्रात गेलं म्हणून समजा. ओले बोर्ड एकमेकांना न चिकटता राहतील अशी खाचांची लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. आठ बाय दहा इंचांचा प्रायमर लावलेला हार्डबोर्ड पुरे. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ज्वालाग्राही, ते एसटीत नेऊ नये. स्वतःची गाडी नसेल तर प्रश्न इथंच मिटला: जलरंग.

आणि चिंध्या. या रंगातलं तेल म्हणजे आपल्या चटणीतल्या जवसाचंच, आणि ते वाळताना उष्णता सोडतं. तेलकट चिंध्यांचा बोळा गाडीच्या डिकीत कोंबून उन्हात ठेवला तर आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

पोस्टर कलरचा मधला मार्ग बरेच जण काढतात. उजेड वरून ठेवता येतो हे खरं, पण आपल्या वाऱ्यात तो पॅलेटवरच कडक होतो, आणि वाळल्यावर छटा बदलते.

माझं मत विचाराल तर गाडी आहे आणि सुगी रंगवायची आहे, त्यानं सरळ तैलरंग घ्यावेत. पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. बोर्डावर आधी मातकट रंगाचा हात मारून ठेवा, नाहीतर पांढऱ्या पृष्ठभागाच्या तिरीपेनं डोळे दिपतात आणि घरी आल्यावर चित्र काळपट निघतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना दहाच्या आत आटपा, आणि बसायला कडुलिंबाची दाट सावली शोधा. बाभळीखाली बोर्डावर उन्हाचे कवडसे नाचतात, रंग जुळत नाही.