रुगर मार्क फोर: खोलायला सोपं, म्हणून साफ होणारं पिस्तूल

इथे अमेरिकेत पॉइंट टू टू चं (.22 इंच, म्हणजे बारीक गोळीचं) पिस्तूल बघायला गेलात की काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा रुगरच पुढे ठेवतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. 1949 मध्ये बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी कंपनी काढली तेव्हा हेच त्यांचं पहिलं पिस्तूल, किंमत साडेसदतीस डॉलर, आणि तेव्हापासून मार्क वन, टू, थ्री असं करत 2016 ला मार्क फोर आलं. मी मूळचा कोल्हापूरचा, आमच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्सला 25 मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड मारलं तेव्हापासून हा किडा डोक्यात होता. तिचं मॅचचं पिस्तूल वेगळं आणि भलतंच महाग असतं, ते आपल्या खिशाचं काम नाही. शनिवारी रेंजवर जाऊन कागदावर भोकं पाडायला हे बास.

नेम चांगला बसतो, गोळ्या स्वस्त, धक्का जवळजवळ नाहीच, हे सगळं जुन्या मार्क थ्रीबद्दलही खरं होतं. फरक आहे तो साफसफाईत, आणि मी पैसे मोजले ते त्याच्यासाठीच.

जुन्याची गंमत माहितीय का, खोलताना मागच्या बाजूची पट्टी उचकटायची, मग पिन खेचायची, आणि परत जोडताना आतला एक छोटा दांडा बरोब्बर जागेवर पडला नाही तर सगळं अडकून बसतं, त्यासाठी पिस्तूल वर कर खाली कर, मार्क थ्रीमध्ये तर मधेच रिकामं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) घाल, चाप ओढ, परत काढ. सुटे पार्ट पिशवीत भरून दुकानात घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकांचे जोक इथे अजून चालतात. परिणाम काय, तर लोक साफच करायचे नाहीत, तसंच चालवायचे.

मार्क फोरला मागे, बोल्टच्या (गोळी आत ढकलणारा मागे-पुढे सरकणारा भाग) कानांखाली, एक बटण आहे. आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक तिच्या तोंडाला लावूनही बघायचं. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण मॅगझिन आत ठेवून बोल्ट ओढून सोडला तर तुम्हीच नवीन गोळी आत भरलीत. गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. मग घोडा (आतला हातोडा) चढलेला असताना सेफ्टीची कळ एस, म्हणजे सेफ, वर करायची (घोडा चढलेला नसेल तर सेफ्टी लागतच नाही), नळीचा वरचा भाग एका हातात धरायचा आणि बटण दाबायचं. पिना भरताना स्टेपलर उघडतो तसा वरचा भाग मागून उचलला जातो आणि पुढच्या खुंटीवरून अलगद सुटून हातात येतो. बोल्ट मागून सरकून बाहेर. स्प्रिंग बोल्टलाच बसवलेली असते, त्यामुळे ती टुणकन उडून सोफ्याखाली जात नाही. स्क्रू ड्रायव्हर, हातोडी काही लागत नाही. नेहमीच्या सफाईला एवढंच खोलायचं, बोल्टच्या आतले पार्ट उगाच काढत बसू नका.

आता आतली घाण बघा. पॉइंट टू टू ची गोळी बहुतेक नुसत्या शिशाची, वर मेणाचा हात, आणि आतली बंदुकीची दारू जळते ती काळी राख सोडत. बोल्टचं तोंड आणि पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं रिकामं कवच) ओढणारी ती बारीक नखी, तिच्या खाचेत ही राख आणि मेण मिळून काळा चिकट लगदा होतो, मग पुंगळ्या अडकायला लागतात आणि लोक गोळ्यांच्या ब्रँडला शिव्या देतात. जुना टूथब्रश, थोडं सॉल्व्हंट, खाचेसाठी टूथपिक, झालं. बोल्ट बाहेर असल्यामुळे सळई मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घालता येते, नळीच्या तोंडाची कड घासली जात नाही. नेमाचा बराच भाग त्या कडेवर असतो. नळी दर वेळी चकाचक करायची गरज नाही असं माझं मत, चेंबर आणि बोल्ट मात्र सोडू नका. तेल एक-दोन थेंब. जास्त घातलं की पुढच्या वेळी त्यातच राख कालवली जाते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नळी आणि वरचा भाग एकमेकांत पक्के बसवलेले आहेत आणि नेम धरायची साइटही त्यावरच, त्यामुळे खोलून परत लावलं तरी रेड डॉटचा (लाल ठिपका दाखवणारी साइट) नेम हलत नाही. पुढची खुंटी अडकवायची, मागचा भाग खाली दाबायचा, खट्ट. बोल्ट पूर्ण आत गेलेला नसेल तर बसणार नाही, तेव्हा जोर लावू नका, परत काढून सरकवा.

नावडलेलं पण सांगतो. मॅगझिन आत नसेल तर घोडा पडत नाही ही सोय की कटकट ते ज्याचं त्याने ठरवावं, माझ्या मते कटकट. मॅगझिन भरताना अंगठा दुखतो. 

आणि हो, हे काम डायनिंग टेबलवर नको. चिंध्यांवर शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा, नंतर हात साबणाने धुवा, त्या चिंध्या घरच्या कपड्यांत टाकू नका. खंडेनवमीला पूजेत ठेवणार असाल तर आधी रिकामं आहे ना ते बघा आणि मग कुंकू नळीत जाणार नाही एवढं सांभाळा, आमच्याकडे आईचा उत्साह फार.

घेताना स्टीलचं जड मॉडेल घ्या, हात स्थिर राहतो, 22/45 लाइट हे दुसरं मॉडेल हलकं आहे पण नवशिक्याला त्याचा फायदा नाही. सेकंडहँड मिळालं तर सिरीयल नंबर रुगरच्या वेबसाइटवर टाकून बघाच, कारण 1 जून 2017 च्या आधी बनलेल्या मार्क फोरना रिकॉल होता, म्हणजे दुरुस्तीसाठी कंपनीने परत मागवली होती, सेफ्टी अर्धवट मध्येच राहिली असताना चाप ओढला तर तेव्हा गोळी सुटली नाही तरी नंतर सेफ्टी फायरवर सरकवताच ती सुटण्याचा धोका होता. कंपनीने दुरुस्ती फुकट ठेवली होती, पण आधीच्या मालकाने ती करून घेतलीय की नाही ते तुम्हालाच बघावं लागणार.