रेशनचा तांदूळ : अंगठा दिला आणि फसलो

आमचं केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबाचं. घरात पाच माणसं, माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य. आमच्याकडे तेव्हा १५ किलो तांदूळ आणि १० किलो गहू अशी वाटणी होती.

त्या महिन्यात दुकानदाराने नेहमीसारखा मशीनवर अंगठा घेतला, गहू मोजला आणि म्हणाला, "काका, तांदूळ कमी आलाय वरूनच. आठवड्याने या." आठवड्याने गेलो तर संपला होता. "पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो." पुढच्या महिन्यात पुन्हा अंगठा, पुन्हा तीच कॅसेट. पावती मागितली नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. २०२३ च्या जानेवारीपासून धान्य फुकट झालं, तेव्हापासून रांगेत कुणी हुज्जत घालत नाही. तांदूळ ३ रुपये किलो होता तेव्हा हीच माणसं काट्यावरच्या डब्याचं वजनसुद्धा वजा करायला लावायची.

दोन महिने वाण्याकडून ४८ रुपये किलोने कोलम आणून खाल्ला. मग पुतणीने मोबाईलवर 'मेरा राशन' ॲप उघडलं. दोन्ही महिन्यांत आमच्या नावावर पूर्ण २५ किलोची उचल! तारीख मी अंगठा दिला तीच. म्हणजे चोरीच्या कागदावर सही माझीच.

गोम इथेच आहे. तांदूळ खरंच आला नसेल तर मशीनमध्ये फक्त गहू टाकता येतो, तांदळाची उचल नंतर करता येते. त्याने दोन्ही टाकलं होतं.

जाब विचारला तर म्हणाला, "फुकटचंच तर आहे, एवढं काय?" १९६७ या रेशनच्या हेल्पलाइन नंबरवर फोन केला, तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज दिला. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न : पावती आहे का? ॲपवरची नोंद दाखवली, पण त्यावरून उचल सिद्ध होते, तांदूळ मिळाला नाही हे कसं सिद्ध करणार? चार चकरांनंतर दुकानातला पोरगा एका महिन्याचे १५ किलो घरी टाकून गेला. दुसऱ्या महिन्याचे गेले ते गेलेच.

आता आधी पावती वाचतो, मग पिशवी उघडतो. परवा दुकानदार म्हणाला, मशीनचा कागद संपलाय. म्हटलं, नवा रोल घाला, मी बसतो इथेच पायरीवर. पाच मिनिटांत निघाला रोल, खणातूनच.