नोडल रेल आणि हगिन : आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. आधी मी पण पॅनो (पॅनोरमा, म्हणजे बरेच फोटो जोडून केलेला एक रुंद फोटो) काढायला कॅमेरा हातात धरून गर्रकन फिरायचो आणि घरी येऊन फोटो जोडणाऱ्या हगिन (Hugin) सॉफ्टवेअरच्या जिवावर सोडून द्यायचो. लांबचे डोंगर बरोबर जुळायचे, पण पुढ्यात कुंपण किंवा दगड आला की तो तुटलेला दिसायचा. म्हणून नोडल रेल घेतली, म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी.

रेलचं काम एवढंच की कॅमेरा मागे सरकवायचा, म्हणजे तो स्वतःभोवती न फिरता लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरतो. तो बिंदू शोधायला माझी अख्खी दुपार गेली. एक काठी दोन हात अंतरावर उभी केली, तिच्या बरोब्बर मागे लांबचा खांब धरला, मग कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवून बघायचं की काठी आणि खांब एकमेकांपासून सरकतायत का. सरकले की रेल दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे, परत फिरवा, परत बघा. शेवटी लेन्सच्या २४ मिमीला जागा सापडली, तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिलाय (घरातून बोलणी खाल्ली). झूम लेन्स असेल तर ३५ला ठिपका वेगळा, ५०ला वेगळा, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आता खरं सांगू का, पुढ्यात जवळचं काही नसेल तर मी रेल बॅगेतून काढतही नाही. लांबचंच सगळं असेल तर फरक डोळ्याला दिसत नाही, उगाच वजन. लेव्हलिंग बेस (ट्रायपॉडवर कॅमेरा समपातळीत आणायचा भाग) मात्र कायम लावतो. तो नसताना समुद्राचा एक १८० डिग्रीचा पॅनो काढला होता, क्षितिज असं वरखाली गेलं होतं की कपडे वाळत घालायची दोरी बरी. हगिनने सरळ करून दिलं, पण वरखाली इतकं कापावं लागलं की उरली नुसती पट्टी.

कॅमेरा उभा धरायचा, फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ला एका फ्रेममध्ये साधारण ५३ डिग्री येतात, मी ३० डिग्रीला एक फोटो घेतो म्हणजे ओव्हरलॅप ४० टक्क्यांच्या वर जातो, १८० डिग्रीला सहा फोटोत काम होतं. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं मॅन्युअल, आणि एक्स्पोजर सगळ्यात उजेडाच्या बाजूला बघून ठरवायचं. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) काढून ठेवा!! त्याने सूर्यापासून ९० डिग्रीवर आकाश सगळ्यात गडद होतं, त्यामुळे रुंद फोटोत मधेच निळा डाग पडल्यासारखं दिसतं आणि ते नंतर काही केल्या जात नाही. आणि सेट (एका पॅनोचे सगळे फोटो) सुरू करताना नि संपताना लेन्ससमोर हात धरून एकेक फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या पॅनोचा हे शोधत बसाल.

हगिन फुकट आहे आणि चांगलं आहे, पण पहिला महिना डोकं उठवतं. आपोआप कंट्रोल पॉइंट्स (दोन फोटोंत सारख्याच असलेल्या जागा, ज्यांवरून ते जोडले जातात) शोधतं ते ठीक, पण ढगांवर पण टाकतं, आणि ढग तर दोन फोटोंच्या मधे सरकलेले असतात, मग सगळं गणित बिघडतं. ढगांवरचे पॉइंट्स उडवून परत ऑप्टिमाइझ केलं (फोटो पुन्हा जुळवायला लावले) की जुळणीतली एरर धाडकन खाली येते. लाटा, हलणारी झाडं, चालणारी माणसं अर्धवट कापली जातात, तिथे मास्क लावून कुठल्या फोटोतला भाग घ्यायचा ते आपणच सांगायचं. प्रोजेक्शन (गोल फिरून घेतलेलं दृश्य सपाट फोटोवर मांडायची पद्धत) बहुतेक वेळा सिलिंड्रिकल; सरळ रेषा सरळच ठेवणारं रेक्टिलिनिअर १२० डिग्रीच्या जवळ गेलं की कडा ताणून चिंगम होतात.

संध्याकाळचं अजून जमत नाहीये. सूर्य टेकल्यावर उजेड इतका भराभर उतरतो की शेवटच्या फ्रेमपर्यंत पहिलीचा रंगच राहत नाही, म्हणून हल्ली दोन-तीन सेट पटापट मारतो, त्यातला एखादा लागतो. आणि रेलचा स्क्रू थंडीत ढिला पडतो, तेव्हा सोबत चावी ठेवा.