सभापर्वातला प्रश्न आणि एक अभ्यासवर्ग : माझा अभिप्राय

महाभारतातल्या नीतिविचारावरच्या एका ऑनलाइन अभ्यासवर्गाचं सत्र नुकतंच संपलं. पुढच्या तुकडीत नाव घालावं का, असं दोघीतिघींनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आठवड्यातून एक बैठक, दीड तासाची. मूळ श्लोक मोठ्याने वाचायचे, मग अन्वय, मग अर्थ. अर्थ झाला की बाई थांबतात आणि विचारतात, "तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असता?" पुढे ग्रंथात काय आहे ते लगेच सांगत नाहीत. प्रत्येकाला बोलावं लागतं.

माझी बरीचशी नोकरी खातेनिहाय चौकशांच्या फायली हाताळण्यात गेली. त्यामुळे द्यूतसभेचा प्रसंग मला फार जवळून लागला. द्रौपदीला आणायला प्रातिकामी, म्हणजे दुर्योधनाने धाडलेला सूत, जातो, तेव्हा ती त्याला परत पाठवते : युधिष्ठिरांना विचारून ये, त्यांनी आधी स्वतःला हरलं की मला? हा अधिकाराचा प्रश्न आहे. जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणाला लावता येतं का? युधिष्ठिर गप्प बसतो. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. जो कशाचाच स्वामी उरला नाही त्याला दुसऱ्याचं काही पणाला लावता येत नाही, पण पत्नी पतीच्या अधीन असते. म्हणून मला निर्णय करता येत नाही. असं दोन्हीकडे तोललेलं टिपण मी कितीतरी फायलींत वाचलं आहे. लिहिणारा विद्वान असतो, मुद्दे खरे असतात, आणि समोरची व्यक्ती तशीच उभी असते.

बोलतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. पांडव पाच, द्रौपदी सगळ्यांची, आणि युधिष्ठिर आधीच हरलेला. म्हणून ती जिंकली गेलेली नाही, असं तो स्पष्ट सांगतो. सभा क्षणभर त्याच्या बाजूने गजबजते, मग कर्ण त्याला गप्प करतो. त्यानंतर विदुर जो हिशेब मांडतो, त्यावर आमची अख्खी बैठक गेली, आणि ती या सत्रातली सर्वोत्तम बैठक. निंद्य कृत्याची जिथे निंदा होत नाही, तिथे अर्धं पाप सभेच्या प्रमुखाकडे जातं, चौथा हिस्सा करणाऱ्याकडे, आणि उरलेला चौथा गप्प बसलेल्या सभासदांकडे. करणाऱ्यापेक्षा प्रमुखाचा वाटा दुप्पट! मी चौकशीच्या खोल्यांमध्ये बसले आहे. सगळ्यांना ठाऊक असूनही इतिवृत्तात काहीच उतरत नाही, तेव्हा तिथली हवा कशी असते ते मी पाहिलं आहे. म्हणून हा श्लोक मला कुठल्याही सेवानियमापेक्षा नेमका वाटतो.

वर्गासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, धरली आहे. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६मध्ये पुरं झालं. या संहितेत वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा मूळ पाठात नाही, तो तळटिपांत गेला आहे. वर्गातल्या एक आजी यावर व्याकूळ झाल्या. बाईंनी दोन्ही पाठ वाचून दाखवले आणि कुणाच्या श्रद्धेवर बोट न ठेवता पुढे गेल्या. धावा बाजूला ठेवून तो प्रसंग वाचला की सभेची जबाबदारी जास्तच उघडी पडते, असं मला वाटलं. विकर्णाचं पुढे काय झालं, तेही बाईंनी मुद्दाम वाचून घेतलं : द्रोणपर्वात भीम त्याला मारतो आणि त्याच्यासाठी शोक करतो.

लगेच पुढच्या बैठकीला कर्णपर्वातला कौशिक. ही जोडणी ज्या कुणी ठरवली, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक, असं युधिष्ठिर रागाने म्हणतो आणि असं म्हणणाऱ्याला मारण्याच्या जुन्या प्रतिज्ञेपायी अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. सदैव खरं बोलण्याचं व्रत घेतलेला तो तपस्वी. दरोडेखोरांनी विचारलं, जीव वाचवायला आलेले लोक कुठे लपले? त्याने खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. सभेत न बोलणं पाप आणि इथे बोलणं पाप. वर्गातला एक तरुण वकील म्हणाला, मग साक्षीदाराने करायचं काय? बाईंनी त्याला विचारलं, तुझ्या शब्दाने कोणाचा जीव जातो आणि कोणाचा वाचतो, हे तू पाहिलंस का? त्या एका प्रश्नाने माझ्या डोक्यातल्या कितीतरी जुन्या साक्षी पुन्हा उघडल्या.

उणिवाही आहेत. वनपर्वातला धर्मव्याध, म्हणजे ब्राह्मणाला धर्म सांगणारा खाटीक, आणि यक्षप्रश्न एकाच बैठकीत उरकले. नकुलाला जिवंत कर, म्हणजे माद्रीचाही एक मुलगा राहील, हे युधिष्ठिराचं उत्तर एवढ्या घाईत ऐकायचं नव्हे. वर्ण आणि स्त्रीधर्मावरचे कठोर श्लोक आले की चर्चा आखडती होते. वाचणारे प्रौढ आहेत, तिथेही तितकंच थांबायला हवं. ध्वनिमुद्रण मिळतं, पण सहभागींचा आवाज त्यात नीट ऐकू येत नाही.

रोजच्या जगण्यासाठी तयार सूत्रं हवी असतील, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. संस्कृत येत नसलं तरी चालतं, उच्चार बाई करून घेतात. ज्यांना समितीवर, पंचायतीत, शाळेच्या कार्यकारिणीत बसावं लागतं, त्यांनी मात्र जरूर यावं. पुढच्या सत्रात शांतिपर्व घेणार आहेत. जाजली मुनी तुलाधार वाण्याकडे धर्म शिकायला जातो, त्या प्रसंगाला पुरती एक बैठक द्यावी, असं मी बाईंना लिहून कळवलं आहे.