तडजोड की एकच कर्ज? हप्ते डोईजड झाल्यावरचे दोन रस्ते

पगार जमा होतो आणि आठवड्याभरात हप्त्यांत संपतो, एका क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरायला दुसऱ्या कार्डातून पैसे उचलावे लागतात. इथपर्यंत जे आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. सिबिल म्हणजे काय, ईएमआय कसा निघतो, हे त्यांना सांगत बसत नाही. या टप्प्यावर साधारण दोन रस्ते समोर असतात. एक म्हणजे बँकेशी तडजोड, ज्याला सगळे सेटलमेंट म्हणतात: थकबाकीचा काही भाग एकरकमी भरायचा, उरलेला बँक सोडून देते. दुसरा म्हणजे कमी व्याजाचं एकच नवं कर्ज घेऊन जुनी सगळी देणी मिटवायची आणि मग ते एकच फेडायचं. मी दुसऱ्या रस्त्याने गेलो. त्याआधी एका कार्डाबाबत तडजोडीची बोलणीही केली होती, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार पाहिलंय.

आहे तसंच ओढत राहणं हा पर्याय मी धरत नाही, त्याचं कारण साध्या आकड्यांत आहे. कार्डावर 1 लाख थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असं धरा. महिन्याचं व्याज 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 630, मिळून 4,130. किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 5,000 भरले, तर मुद्दल फक्त 870 रुपयांनी कमी होतं. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे त्याच कार्डावर भरलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

दिवाळखोरीबद्दलही थोडक्यात. अमेरिकेतल्या लोकांचे अनुभव वाचून अनेकांना वाटतं की आपल्याकडेही अर्ज करून मोकळं होता येईल. 2016 च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे खरा, पण तो लागू झालाय कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्यांपुरता. तुमच्याआमच्यासाठी अजून 1909 आणि 1920 चे ब्रिटिश काळातले कायदेच आहेत, आणि कार्डाच्या थकबाकीसाठी त्या वाटेला जाणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

तडजोडीचं आकर्षण मला पूर्ण समजतं. 4 लाखांच्या जागी 2 लाखांत सुटका होते असं कानावर आलं की रात्री झोप लागते. आणि हा काही चोरटा मार्ग नाही. रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये तडजोडीसाठी रीतसर चौकट घालून दिली आहे, बँकांना त्यासाठी संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण ठेवावं लागतं. त्याच चौकटीत असंही आहे की तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेने किमान 12 महिने नवं कर्ज द्यायचं नाही (शेतीकर्जाचं वेगळं). सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' (पूर्ण फेडून बंद) ऐवजी 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेलं) लागतं आणि पुढची अनेक वर्षं प्रत्येक बँक ते वाचते. पुढे कधी सोडलेली रक्कम भरून तो शेरा बदलून घेता येतो, पण मग सूट मिळाली असं म्हणायचं कशाला, हा प्रश्न उरतोच.

बहुतेक लेख या शेऱ्यापाशीच थांबतात. मला मात्र त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. जो गळ्यापर्यंत बुडालाय त्याला चार वर्षांनंतरच्या गृहकर्जाची काळजी कमीच असते. माझा निर्णय दुसऱ्याच गोष्टीने झाला: तडजोडीच्या बोलण्यात कागद शेवटी येतो.

होतं असं. तुम्ही नियमित भरत असता तोवर तडजोडीबद्दल कुणी बोलायला तयार नसतं. आधी हप्ते थांबावे लागतात, साधारण 90 दिवसांनी खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीत जातं, मग वसुलीचे फोन आणि त्याबरोबर 'ऑफर' सुरू होतात. आज एक जण फोन करतो आणि साठ टक्क्यांत मिटवू म्हणतो. तुम्ही दोन दिवसांचा वेळ मागता. दोन दिवसांनी फोन दुसऱ्याच व्यक्तीचा. तिला आधीचं काहीच माहीत नसतं, फाइलमध्ये तशी नोंद नाही म्हणते, आणि आकडा वेगळा सांगते. तुम्ही म्हणता, ठीक आहे, हेच मला बँकेच्या लेटरहेडवर पाठवा, मी लगेच भरतो. त्यावर ठरलेलं उत्तर: आधी पैसे भरा, पत्र सिस्टीममधून आपोआप निघेल. महिनाअखेर जवळ आली की हेच बोलणं जास्त घाईचं होतं, 'आज संध्याकाळपर्यंतच ही सूट आहे'. माझ्या वाट्याला तरी हेच आलं. सगळीकडे असंच असेल असा माझा दावा नाही, आणि काहींना पहिल्याच आठवड्यात स्वच्छ पत्र मिळाल्याचंही ऐकलंय.

पण विचार करा, ज्या व्यवहारात तुम्ही आयुष्यातली शिल्लक, किंवा बहुतेकदा भावाकडून, सासऱ्यांकडून मागून आणलेली रक्कम एका दमात देणार आहात, त्याच व्यवहारात समोरचा काय कबूल करतोय ते लेखी नाही. पत्राशिवाय भरलेले पैसे साधा भरणा म्हणून जमा होतात, उरलेली थकबाकी उभीच राहते, आणि वर्षभराने ती दुसऱ्याच वसुली एजन्सीकडून पुन्हा तुमच्या दारात येऊ शकते. मला फोनवरचा उर्मटपणा सहन झाला असता. हा अधांतरीपणा नाही झाला. दर वेळी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि शेवटी हातात काहीच नाही, याने माणूस कर्जापेक्षा जास्त थकतो.

यात भर म्हणून मधले 'कर्जमुक्ती' करून देणारे आहेत. फी आगाऊ घेतात आणि पहिला सल्ला देतात की सगळे हप्ते बंद करा. ते हे सांगत नाहीत की खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम 25 खाली, चेक न वटल्यासारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. आणि थांबलेल्या महिन्यांत आकडा वाढतच असतो. एप्रिल 2024 पासून कर्जांच्या दंडावर व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पण क्रेडिट कार्डं त्या नियमातून वगळलेली आहेत.

आता एकाच कर्जाचा रस्ता. यात कागद आधी येतो. मंजुरीपत्र, व्याजदर, हप्ता, मुदत, शुल्क, सगळं सही करण्याआधी तुमच्यासमोर असतं आणि उद्या शाखेत दुसरा अधिकारी बसला तरी ते बदलत नाही. माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला.

कर्ज कुठून काढायचं यावर मतं वेगळी असतात. बँकेचं पर्सनल लोन सगळ्यांना ठाऊक आहे. घरात सोनं असेल तर सोनेतारण बहुतेकदा त्याहून स्वस्त पडतं, फक्त फेड चुकली तर काय जातं ते घरातल्या बाईमाणसाला आधी विचारूनच ते करावं. मी आमच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून घेतलं. व्याज कार्डाच्या मानाने फारच कमी, आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. सहकार कायद्याच्या कलम 49 मध्ये तशी कपात करून संस्थेला पाठवायची तरतूद आहे. तारीख लक्षात ठेवायची नाही, पगार चालू आहे तोवर चुकायची शक्यताच नाही. अवघड भाग जामीनदारांचा. दोन सहकाऱ्यांसमोर बसून आपलं सगळं देणं सांगावं लागतं. ज्यांना मी विचारलं त्यांनी एक शब्द न बोलता सही केली, ते उपकार मी विसरणार नाही. पण सगळ्यांना हे जमेल असं नाही, आणि हप्ता थकला तर तो त्यांच्या पगारावर जातो, हे पूर्ण समजून मगच विचारावं.

या रस्त्यालाही काटे आहेत. मुदत लांबवली की हप्ता सोसवतो पण व्याज फुगतं. 5 लाख, 16 टक्के: चार वर्षांसाठी हप्ता साधारण 14,170 आणि एकूण व्याज 1 लाख 80 हजार. तीन वर्षांसाठी हप्ता 17,580 च्या आसपास, व्याज 1 लाख 33 हजार. मी मोठा हप्ता घेतला, दोन वर्षं घरात कुणी नवीन काही मागितलं नाही म्हणून जमलं. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, त्यामुळे मुदतीआधी फेडल्यास शुल्क लागतं का, ते करारात बघून घ्यावं.

आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे मोकळी झालेली कार्डं. बाकी शून्य झाली की मर्यादा पुन्हा पूर्ण दिसते. सहा महिन्यांत कर्जही आहे आणि कार्डंही भरलीत, अशी माणसं मी जवळून पाहिलीत, त्यात हुशार आणि हिशोबी माणसंही होती. म्हणून नव्या कर्जाचे पैसे हातात आले त्याच दिवशी कार्डाची पूर्ण बाकी भरून बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. बाकी शून्य असेल तर बँकेला कार्ड 7 कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम अर्जातच लिहिला तर काम लवकर होतं.

अजून एक गोष्ट मला निर्णायक वाटते, जरी ती मला नंतर नीट उमगली. एकच कर्ज मिळतं ते हप्ते सुरळीत चालू असेपर्यंत, अहवाल बरा असेपर्यंत. ते नाकारलं गेलं, तरी तडजोडीचा रस्ता पुढे उघडाच राहतो. उलट मात्र होत नाही. आधी हप्ते थांबवून तडजोडीच्या मागे लागलात आणि बोलणी फिसकटली, तर मग स्वस्त कर्ज कुणी देत नाही. त्यामुळे ज्याचा पगार चालू आहे, त्याने आधी पतसंस्था, बँक, सोनं, सगळीकडे विचारून घ्यावं असं मी सुचवेन.

ज्याचं उत्पन्नच थांबलंय, आजारपणात नोकरी गेलीय, त्याला मात्र मी एकत्र कर्जाचा आग्रह करणार नाही. हप्ता कुठून येणार? तिथे तडजोडच योग्य, फक्त फोनवरची नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन लोकअदालतीत विषय ठेवता येतो का ते विचारा. खटला दाखल होण्याआधीची प्रकरणंही तिथे घेतात, कोर्ट फी नसते, बँकेचा प्रतिनिधी समोर बसतो. जे ठरेल त्यावर दोघांच्या सह्या होतात आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही. ठरलेली रक्कम हप्त्यांनी भरायची मुभाही तिथे मागता येते.

तोवर फोन येतीलच. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायला परवानगी नाही. कॉलची वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि प्रत्येक कॉलवर तेच एक वाक्य बोला: जे काही असेल ते मला लेखी पाठवा.