दोघींत एक तबलाजोडी: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

"वॉरंटी खोडाला असते मॅडम, पुडीला नाही." दुकानदाराचं फोनवरचं वाक्य. खोड म्हणजे तबल्याचं लाकडी अंग, पुडी म्हणजे त्यावर ताणलेलं कातडं. शिसवाच्या खोडाला काय धाड भरणार आहे? ते माझी नातवंडंसुद्धा वाजवतील. जाणार ती पुडीच, आणि ती गेली. जुलैत डोंबिवलीच्या दमट हवेत तबल्याच्या शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) भेग पडली, मग कडेचा टवका उडाला, आणि 'तिं' हा बोल वाजवला की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजायला लागलं. बिलावर ठळक अक्षरांत 'एक वर्ष वॉरंटी' लिहिलंय. कशाला, ते लिहिलेलं नाही.

जोडी नेहमीचीच: सव्वापाच इंची शिसवी तबला, काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) सुराचा, आणि डाव्या हाताचा पितळी डग्गा, वरून निकल. साडेआठ हजार. तांब्याचा डग्गा जास्त घुमतो म्हणतात, पण त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला. लेक चौथीत आहे. तिला क्लासला सोडून तासभर बाहेर बाकावर बसण्यापेक्षा आत बसावं, म्हणून मीही नाव घातलं. घेताना दुकानदार विचारत होता, "मिस्टर वाजवतात का?" मिस्टर टेबलसुद्धा तालात वाजवत नाहीत.

आता हातोडीबद्दल. साडेआठ हजारांच्या जोडीबरोबर हातोडी येत नाही. दोन चुंबळी येतात (खाली ठेवायच्या गोल गाद्या, चिंध्या भरलेल्या, महिनाभरात चपट्या), एक कव्हर येतं, कव्हरच्या खिशात दुकानाचं कॅलेंडर येतं, पण हातोडी वेगळी, अडीचशे रुपये. आणि हातोडीशिवाय तबला लावायचा कसा? गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, एक घर लावलं की त्याच्या समोरचं घ्यायचं, अशी सोळा घरं (गजऱ्यातून ओवलेल्या चामडी पट्ट्यांमधल्या जागा) फिरायचं. फार उतरला असेल तर त्या पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे ठोकायचे. हे सगळं काय लाटण्याने करणार? मी हट्टाने हातोडी घेतली नाही. दर आठवड्याला तबला क्लासला नेऊन सरांच्या हातोडीने लावून आणते. रिक्षाचे पैसे धरले तर अडीचशे कधीच वसूल झाले असते, हे मला माहीत आहे. प्रश्न पैशांचा नाही. मुळात प्रश्न पैशांचाच आहे, पण तत्त्वाच्या बाजूने.

पहिल्या काही महिन्यांनंतर कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की दोघींत एक जोडी पुरते, पैसे वाचवा. संध्याकाळी ती अर्धा तास, जेवणानंतर मी अर्धा तास, आणि साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या काकू छताला काठी लावायच्या आत बंद. मोबाईलवर लेहरा (तालाला धरून फिरत राहणारी धून) लावायचा, लय मिनिटाला पन्नास मात्रांवर. तिला पन्नास म्हणजे कासव वाटतं, मला राजधानी एक्सप्रेस.

मुलाबरोबर शिकायला बसलं की एक गोष्ट लवकर कळते. मला तीनतालाच्या सोळा मात्रा, टाळी एक-पाच-तेरावर आणि काल, म्हणजे टाळीऐवजी हात उलटा करायची जागा, नवव्या मात्रेवर, हे पहिल्याच तासाला समजलं. तिला आजही नीट सांगता येत नाही. पण पढंत करताना, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना, तिचा हात बरोबर नवव्याला उलटा होतो, आणि मी आधी मनात मोजते, मग हात उलटा करते, तोवर दहावी उजाडलेली असते. सर मला म्हणाले, "ताई, तुम्ही ताल समजून घेता, ती ताल बोलते." ऐकून राग आला. माझं एमकॉम कामाला आलं नाही.

इथे माझं मत बदलतं. सव्वापाच इंची तोंड माझ्या हाताला ठीक, तिच्या हाताला मोठं. अनामिका शाईच्या कडेला टेकवून तर्जनीने चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) 'ना' काढायचा, तर तिचा पंजा ताणला जातो आणि अनामिका उचलली जाते. मग 'ना' स्पष्ट येत नाही. क्लासमध्ये पाच इंचाहून लहान तोंडाचा टिपेचा, म्हणजे उंच सुराचा, एक तबला आहे, त्यावर तिचा 'ना' खणखणीत येतो. तीच मुलगी, तोच हात. म्हणजे घरी ती महिनोन्‌महिने माझ्या मापाच्या चपला घालून चालत होती. दुकानदाराने विचारायला हवं होतं की वाजवणार कोण. त्याने विचारलं ते मिस्टरांचं.

एकच जोडी असल्यामुळे मात्र एक झालं, जे दोन जोड्या असत्या तर झालं नसतं. एका रविवारी नंबर कुणाचा यावरून आमची जुंपली. शेवटी ती तबल्यासमोर बसली आणि मी डग्ग्यासमोर. तिचा उजवा हात, माझा डावा, मध्ये एक ताल. 'धा' म्हणजे तबल्यावर 'ना' आणि डग्ग्यावर 'गे' एकदम. एका माणसाच्या दोन हातांना ते हळूहळू जमतं. दोन माणसांत माझं बोट केसभर उशिरा पडलं की 'धा' फुटतो, आधी तिचा 'ना', मागून माझा 'गे'. आणि तीनतालाच्या ठेक्यात दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा बंद: तिं तिं ता, ता. चौदाव्याच्या 'धिं'ला परत यायचं. मी अकराव्याला हमखास ठोकायचे.

"आई, गप्प बस ना!"

मी बघितलं तिच्याकडे.

"डग्ग्याला म्हणते मी."

त्या रविवारनंतर हा खेळ रोज रात्री झाला. ती माझं मनगट बघते, मी तिच्या तर्जनीकडे. मनगट पुडीवरून न उचलता बोटं उंचावून 'गे' कसा काढायचा, हे सरांनी मला किती वेळा दाखवलं असेल. हातात बसलं ते तिच्या शेजारी, कारण माझा 'गे' दबला की तिचा 'धा' बिघडतो आणि ती तोंड करते. सरांना सांगितलं तर हसले, पण लगेच म्हणाले, मजेपुरतं ठीक आहे, रियाज दोन्ही हातांनीच करायचा, नाहीतर हातांची जोडी सुटते. त्यांचं बरोबरच आहे. आम्ही तरी रात्रीचा खेळ सोडलेला नाही.

पुडीचं पुढे काय झालं, तर क्लासला येणाऱ्या कारागिराकडून नवीन बसवून घेतली, मजुरीसकट अकराशे. दुकानाने सतराशे सांगितले होते. बसवताना मी समोर बसून बघितलं. पुडी खोडावर चढवली, वादी (ती चामडी पट्टी) एकेका घरातून ओवत पायाच्या अंगठ्यांनी खोड धरून खेचली, गट्टे सारले. मग म्हणाले, "ताई, हातोडी द्या जरा, माझी टेम्पोत राहिली." मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गॅसशिवाय स्वयंपाकघर मांडलंय. नवी पुडी सुरुवातीला सैल पडून सूर सोडते, म्हणून आठवड्याने परत ओढून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता पावसाळ्यात तबला जमिनीवर ठेवत नाही, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवते, आणि कव्हरमध्ये चपला-पर्सच्या खोक्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. घामट हातांना पावडर लावायची तर अगदी चिमूटभर, नाहीतर ती शाईच्या भेगांत बसते.

डग्ग्याबद्दल तक्रार नाही. पुडी शाबूत आहे, निकल दोन ठिकाणी उडालंय, आवाजाला फरक नाही. चुंबळी मात्र जुन्या सुती साडीच्या पीळ घालून घरी केल्या, त्यावर डग्गा फरशीवर सरकत नाही.

दहा वर्षांखालच्या मुलासाठी घेणार असाल तर आधी त्याचा पंजा तबल्यावर ठेवून बघा आणि लहान तोंडाचाच घ्या. सुटा तबला मिळतो, डग्गा दोघांत एक चालतो. "जोडीच घ्यावी लागेल" म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. मी लेकीसाठी तसा सुटा शोधतेय, कल्याण-ठाण्यात अजून चांगला सापडला नाही. एप्रिल-मेच्या सत्रात आम्ही दोघी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसणार आहोत. त्याला लेखी पेपर नाही, म्हणजे माझा एकमेव भरवशाचा विषय गेला.